हेल

दर्शनाच्या ऑपरेशननंतर आमच्या घरात एकदाही धड भांडण झालेलं नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, काय नशीबवान माणूस आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मी कॉम्प्रेसर सांभाळतो, तिथले सगळे मला तेच म्हणतात. त्यांना काय सांगणार? बायकोशी भांडायचं तर मला आधी "अगं दर्शना, तू असं का म्हणतेस?" असं म्हणावं लागतं, आणि तेवढं म्हणेपर्यंत राग कुठल्या कुठे जातो. पूर्वी ती मला "मेल्या" म्हणायची, मी तिला त्याहून वाईट काहीतरी म्हणायचो, शेजारी खिडकीशी येऊन ऐकायचे, आणि संध्याकाळी आम्ही दोघं शेजारी बसून बांगडे साफ करायचो. आता मी मालवणीत तोंड उघडलं तर तिला काहीही ऐकू येत नाही.

हे कसं झालं ते नीट सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं डॉक्टर चुकले. डॉक्टर अजिबात चुकले नाहीत.

ऐकण्याची नस आणि तोल सांभाळणारी नस, दोन्ही कानातून मेंदूकडे एकाच अरुंद हाडाच्या बोगद्यातून जातात. चेहरा हलवणारी नसही त्यांच्याच सोबतीला असते. या नसांवरच्या आवरणाच्या पेशी काही माणसांत उगाच वाढायला लागतात आणि गाठ होते. हा कॅन्सर नव्हे. गाठ शरीरभर पसरत नाही, वाढतेही सावकाश. पण बोगद्यात जागा ती किती? गाठ नसेला चेपते, कान वाजायला लागतो, तोल जातो, मग ती बोगद्याबाहेर येऊन मेंदूच्या देठाला टेकते, आणि तिथं मात्र ती जिवावर उठते. बहुतेकांना एकाच बाजूला होते. दर्शनाला दोन्ही बाजूंना होती, कारण दोष तिच्या रक्तातच होता. असा दोष आईकडून मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. आम्हाला मुलगी एकच, ऊर्मी. निम्म्याचा हिशेब एका मुलीवर कसा बसवायचा? तिचीही तपासणी झाली. तिच्याही दोन्ही बाजूंना होती, तांदळाच्या दाण्याएवढी. तिला थांबता येणार होतं. दर्शनाला थांबता येणार नव्हतं.

पुण्याच्या सर्जननी सांगितलं की गाठी काढताना ऐकण्याच्या नसा वाचणार नाहीत. पूर्वी अशा माणसाच्या मेंदूच्या देठावर धातूचे ठिपके असलेली एक पट्टी बसवत, आणि त्यातून नुसता खडखडाट ऐकू यायचा. आता त्या पट्टीला शिकवता येतं. नस जिवंत असताना माणसाच्या कानाशी आवाज काढायचे, आणि त्या आवाजांनी नसेत विजेचे जे ठोके धावतात ते एका यंत्राने टिपून ठेवायचे. हा नवऱ्याचा आवाज, हे त्याचं वाक्य, हे त्याचे ठोके. असं दिवसचे दिवस. मग नस कापली की पट्टी तेच ठोके मेंदूला देते, आणि मेंदूला फरक कळत नाही.

मराठी भाषा यंत्र कारखान्यातूनच शिकून येतं. त्यामुळे अनोळखी माणसाचे शब्द कळतात, फक्त सगळ्यांचा आवाज एकच लागतो, स्टेशनवरच्या घोषणेसारखा. घरच्यांचे आवाज घरच्यांनी शिकवायचे. यंत्राला जे येत नाही ते यंत्र गोंगाट समजून दाबून टाकतं, म्हणजे माणसाला त्रास नको. वाळूतून पाणी ओसरावं तशी एक सळसळ तेवढी उरते. आणि एकदा नस गेली की पुढे नवीन काही शिकवता येत नाही. शिकवणारीच गेली, मग शाळा कुठली भरणार?

यंत्र घेऊन तन्वी इनामदार नावाची इंजिनिअर पुण्याहून आमच्याकडे आली. गोड मुलगी. आल्या आल्या म्हणाली, "तुम्ही घरी बोलता तसंच बोला हं. अगदी सहज."

आता आमच्याकडे एक रीत आहे. ती कुणी कुणाला शिकवत नाही. दारात परका माणूस आला, बँकेत गेलो, डॉक्टरसमोर बसलो, फोनचा कॅमेरा सुरू झाला की आम्ही मालवणी आत ठेवतो आणि शाळेतलं मराठी बाहेर काढतो. पाहुण्याला चांगल्या कपातून चहा द्यावा तसं. यात कुणाला लाज असते असंही नाही, तो मान असतो. मी पहिल्याच दिवशी खुर्चीत बसून "गो दर्शना, माका सांग" एवढं म्हणालो आणि दर्शनाने डोळे वटारले.

"नीट बोल रे मेल्या," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "पुण्याची माणसा इली आसत."

झालं. मग मी घसा खाकरून "अगं दर्शना, आज आकाश किती निरभ्र आहे!" असं म्हटलं. ती लाजली आणि म्हणाली, "अहो, खरंच की." लग्नाआधीपासून मला अरे-तुरे करणारी बाई! ऊर्मी कोपऱ्यात तोंडावर ओढणी धरून हसत होती, पण तिची पाळी आली तेव्हा तिनेही "आई, मी महाविद्यालयात जाऊन येते" असंच सांगितलं. दर्शनाची आई शिरोड्याहून नवी साडी नेसून आली. तिला शाळेतलं मराठी येत नव्हतं. तन्वी एकेक वाक्य सांगायची आणि म्हातारी ते तिच्यामागून म्हणायची: "माझं नाव सुलोचना आहे. मी सकाळी लवकर उठते." प्रत्येक वाक्यानंतर ती आमच्याकडे बघायची, बरोबर आलं का म्हणून. आम्ही मान हलवायचो.

शेवटच्या दिवशी तन्वी मला म्हणाली, "काका, तुम्ही किती छान मराठी बोलता!"

आणि मी, गाढव, खूश झालो.

ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी सुरू केली तेव्हा खोलीत सगळे उभे होते. दर्शनाचा चेहरा डावीकडे किंचित ओघळला होता. मी विचारलं, "दर्शना, तुला माझा आवाज ऐकू येतो का?" तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "अहो, अगदी तुमचाच येतो." नर्सनी टाळ्या वाजवल्या. तिला टीव्हीवरच्या बातम्या ऐकू आल्या, डॉक्टर ऐकू आले, चहावाला ऐकू आला. पुण्यात आणि परतीच्या गाडीत भोवती परकीच माणसं, म्हणून आम्ही मराठीतच बोललो, आणि मी अगदी निश्चिंत होतो.

घरी परतलो तेव्हा दर्शनाची आई दारात उभी होती. तिने लेकीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

"इलंस गो चेडवा? बरा वाटता मां आता? दुखता काय खंय?"

दर्शना तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई काही बोलत का नाही?"

मी घाईघाईने "दर्शना, माझा आयक" असं काहीतरी म्हणालो, आणि तिच्या डोळ्यांवरून मला कळलं की तिच्यापुरता मीही बोलायचा थांबलो आहे.

मी तन्वीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, मला कुणीच कसं सांगितलं नाही?" तिच्यावर रागावणार कसं? आमच्यापैकी एकानेही तिच्यासमोर खरं तोंड उघडलं नव्हतं.

त्यानंतरचं आयुष्य असं. बाजारात गेलं की दर्शनाला सळसळ. कोळणी, शेजारणी, तिची सख्खी बहीण, सगळी सळसळ. बँकेतला साहेब मात्र स्वच्छ ऐकू येतो, पर्यटक ऐकू येतात, टीव्ही ऐकू येतो. बोललेलं काचेवर लिहून दाखवणारा चष्माही आणला, तर मालवणी त्यालाही येत नव्हती. मी घरी शाळेतलं मराठी बोलायला लागलो. परक्या घरात उतरलेल्या पाहुण्यासारखा मी माझ्याच पडवीत "मला थोडं पाणी देतेस का?" असं विचारतो. आणि दर्शनाला स्वतःचा आवाजही तसाच ऐकू येतो. ती मालवणीत बोलली की तिच्या कानात तिचंच बोलणं बंद पडतं. पाण्यात तोंड बुडवून बोलल्यासारखं वाटतं म्हणाली. मग तिने ते सोडून दिलं. हळूहळू ती पुस्तकासारखी बोलायला लागली, तोंडात एक "गो" नाही की "रे" नाही.

तिची आई त्या वर्षाअखेर गेली. जाताना ती दर्शनाचा हात धरून म्हणाली, "माज्या चेडवाक कोणी रडवू नकात." मी ते दर्शनाला मराठी करून सांगितलं, "माझ्या पोरीला कुणी रडवू नका." तिने मान हलवली. मराठीत ते अगदी कोरडं वाटलं, मला स्वतःलाही.

मग ऊर्मीच्या गाठी वाढल्या.

सर्जननी फिल्म दाखवली. दोन्हीकडच्या गाठी देठाच्या दिशेने सरकल्या होत्या. या वर्षात काढाव्या लागतील, म्हणाले. ऊर्मी वीस वर्षांची. ती रडली नाही. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "माका शाळेतला मराठी शिकवूचा नाय. ता कारखान्यातसून येतलाच. माका घर व्हया."

या वेळी तन्वी पुन्हा आली आणि दारातच म्हणाली, "काका, माझ्यासमोर कुणी शुद्ध बोललं तर मी जेवणार नाही." लोक आले. कोळणी आल्या, माझ्या कारखान्यातले आले, ऊर्मीच्या मैत्रिणी आल्या. पहिला दिवस सगळे अवघडून बसले, मग एकीने दुसरीच्या सुनेबद्दल काहीतरी काढलं आणि जे काही सुरू झालं ते तन्वीला निम्मं कळलं नाही, पण ती हसून हसून खाली बसली. मी पोटभर शिव्या दिल्या. किती दिवसांनी! ऊर्मी कानाला तारा लावून मधोमध बसली होती आणि तिचा चेहरा लहानपणीसारखा झाला होता.

दर्शना तिथेच बसली होती. तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. लोक हसले की ती हसायची.

"आता आईचो आवाज," ऊर्मी म्हणाली. "तिचो जुनो."

दर्शनाला मी समजावून सांगितलं. तिने पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "जेवक ये गो चेडवा."

शब्द सगळे आमचेच होते, पण हेल नव्हता. नाटकातला मालवणी नोकर बोलतो ना, मुंबईच्या नटाने पाठ केलेलं, अगदी तसं. मालवणी बोलणं म्हणजे निम्मा हेल. तो काढला तर उरतो नुसता सांगाडा. तन्वीच्या पडद्यावर माझ्या आवाजाची रेषा चढत-उतरत गेली होती. दर्शनाची रेषा कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी सरळ आली. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा सरळ. स्वतःचा आवाज ऐकूच येत नसेल तर माणूस हेल धरणार कसा?

"जुने व्हिडिओ असतील ना?" तन्वी म्हणाली. "ते चालतील. ऊर्मीच्या कानाला नुसते ऐकवायचे."

आम्ही सगळे फोन काढले. वाढदिवस, गणपती, ऊर्मीचा शाळेतला नाच, काजूच्या बागेतली सहल. प्रत्येक व्हिडिओत दर्शना होती. प्रत्येकात तिने कॅमेरा बघून पदर नीट केला होता आणि म्हणत होती, "आज आमच्या ऊर्मीचा वाढदिवस आहे. सर्वांनी तिला आशीर्वाद द्यावेत." उरलेल्यांवर कुणीतरी गाणी चढवली होती. आम्ही एकेक करून सगळे बघितले. अख्ख्या आयुष्याचे व्हिडिओ, आणि त्यात माझी बायको एकदाही बोललेली नाही.

तन्वी हळूच म्हणाली, "आईंचं आत्ताचं, मराठीतलं, घेऊन ठेवू या का? आवाज तर त्यांचाच आहे."

ऊर्मी तडकून उठली. "नको! ता घेव नको गो ताई. एकदा ता आत बसला की ताच आई होऊन रवतला जल्मभर. ती परत शिकतली. मी थांबतंय."

दर्शना आमच्या तोंडांकडे बघत होती. "काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तिला तुझा आवाज हवा आहे," मी सांगितलं. उरलेलं सांगितलं नाही.

मग ते सुरू झालं. तन्वीने दर्शनाच्या फोनवर माझ्या आवाजाची रेषा टाकून दिली. फोन फडताळाला टेकवून ठेवायचा, आणि कांदा चिरताना, तांदूळ निवडताना त्या रेषेवर आपली रेषा बसवायची. "जेवक ये गो चेडवा. जेवक ये गो चेडवा." तिला स्वतःला तेव्हा सळसळ ऐकू यायची. ती नुसती डोळ्यांनी बोलत होती. मी कारखान्यातून आलो की ऊर्मी दारातच विचारायची, "इलो काय हेल?" दिवसभर तेच ऐकून तिच्या कानाला फरक कळेनासा झालेला, ताज्या कानाने ऐकून सांगणारा घरात मीच. मी म्हणायचो, "नाय गो, अजून नाय."

सर्जननी दिलेली तारीख ऊर्मीने पुढे ढकलली. मग दुसरीही ढकलली. मी तिला ओरडलो, ती म्हणाली, "बाबा, माका आईचो आवाज इसरूक जातलो, तुका कळता काय?" मला कळत होतं. मग एके दिवशी बंदराच्या धक्क्यावर उभी असताना तिचा तोल गेला आणि ती दोन होड्यांच्या मध्ये पाण्यात पडली. विजेवरच्या होड्या, आवाज नसतो त्यांना. एक वेळेवर थांबली म्हणून वाचली. सर्जननी फोनवर एवढंच विचारलं, "तुम्हाला मुलगी हवी आहे की आवाज?"

पुण्याला ऑपरेशनच्या आदल्या दुपारपर्यंत दर्शना खाटेशी बसून तेच एक वाक्य म्हणत होती. रेषा थोडी हलायला लागली होती, पण भलत्या जागी. शेवटी तन्वीने ऊर्मीकडे बघितलं. "मराठीतलं तरी?" ऊर्मीने मान हलवून नाही म्हटलं. तन्वीने माझ्याकडे बघितलं. मी बाप होतो, हो म्हणू शकलो असतो. दर्शनाचा वाक्य म्हणणारा तो वाकडा ओठ मला दिसत होता. मी काहीच बोललो नाही.

आता आमच्या घरी दोघी आहेत. ऊर्मीला मी ऐकू येतो, मालवणीत, माझ्याच आवाजात. बाजार ऐकू येतो, मैत्रिणी ऐकू येतात. मालवणी ज्याची त्यानेच यंत्राला शिकवायची, आईची राहूनच गेली; म्हणून आई ऐकू येते ती मराठीत, स्टेशनवरच्या बाईच्या आवाजात. ती त्या बाईला नीट उत्तरं देते, मराठीत, पण तिच्याकडे बघत नाही. जेवताना मी प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतो. "आमटीक मीठ कमी आसा. आमटीत मीठ कमी आहे." दोघी आळीपाळीने माझ्याकडे मान वर करतात. त्यांचं आपसातलं बोलणं कमी कमी होत गेलं, आणि जे असतं ते माझ्यातून जातं. कारखान्यात कॉम्प्रेसरच्या धडधडीत मला बरं वाटतं हल्ली.

दर्शनाने म्हणायचं मात्र सोडलं नाही. आता उपयोग नाही हे तिला माहीत आहे. तन्वी म्हणते, अजून दहा-पंधरा वर्षांनी कदाचित नवी पट्टी येईल. दर्शना फोन फडताळाला टेकवते आणि कांदा चिरते. ऊर्मी तेव्हा बाहेर जाऊन बसते. तिला काही ऐकू येत नाही, पण ओठ दिसतात.

गेल्या रविवारी दुपारी ऊर्मी घरापुढच्या खळ्यात वाळत घातलेली आमसुलं उलटत होती, आमच्याकडे पाठ करून. मी मोरीत हात धूत होतो. फोन आत चार्जिंगला लावलेला होता. दर्शनाने कालवणाचं भांडं उतरवलं, पळी हातात तशीच धरून उंबऱ्याशी आली आणि दुसऱ्याच कसल्यातरी विचारात म्हणाली,

"जेवक ये गो चेडवा."

माझे हात नळाखाली तसेच राहिले. "ये" वर गेला, "गो" जरा रेंगाळला, आणि "चेडवा" खाली येऊन मऊ पडला. तंतोतंत. शाळेतून आलेली ऊर्मी खळ्यात खेळत बसायची तेव्हा हाक यायची तोच हेल, तोच आवाज, आत कुठेतरी ठेवलेला आणि हरवलेला. दर्शनाला कळलंच नाही. ती पळी घेऊन परत आत गेली. खळ्यात ऊर्मी एकेक आमसूल उलटत होती. तिने मान वळवली नाही.

दर्शनाला सांगावंसं वाटलं. तोंडात शब्दही आले: अगं, तू आत्ता बरोबर म्हणालीस. पण ते सांगून मी तिला काय देणार होतो? मी मागीलदारी गेलो, धुण्याच्या दगडावर बसलो आणि रडलो. तोंडात पंचा कोंबला नाही की काही नाही. मोठ्याने, गळा काढून, माझी स्वतःची आई गेली तेव्हाही रडलो नव्हतो तसा रडलो. शेजारचा कुत्रा उठून उभा राहिला. भिंतीपलीकडे दर्शना ताटं घेत होती, त्यांचा आवाज एका लयीत येत राहिला, जराही थांबला नाही. रडणं आम्ही कुणीच यंत्राला शिकवलं नव्हतं. परक्या माणसासमोर कोण रडतो?

मग मी तोंड धुतलं आणि खळ्यात जाऊन ऊर्मीच्या खांद्याला हात लावला.

"जेवक चल गो. आई बोलयता."

ती उठली. माझ्या डोळ्यांकडे तिने नीट बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. ऑपरेशननंतर तिने तो प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "इलो काय हेल?"

"नाय गो," मी म्हटलं. "अजून नाय."